म्हातारपण आणि रोहिणी

हृदय थांबून थांबून ठोके देते. मग रक्त अखंड कसे वाहते? ही किमया हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची. प्रत्येक ठोक्याला ती रबरासारखी फुगते आणि हृदय विसावले की आकसून रक्त पुढे ढकलते. वयाबरोबर तिच्यातले लवचिक तंतू झिजतात, राठ तंतू वाढतात. पन्नाशी-साठीनंतर रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, खालचा बहुधा उतरतो. हृदयाला जादा जोर करावा लागतो, मेंदूच्या बारीक वाहिन्यांना मार बसतो, अर्धांगाचा धोका वाढतो. म्हणून "वयच झालं, चालायचंच!" असे म्हणून गप्प बसू नका. वरचा आकडा १४० च्या वर राहू लागला, की डॉक्टरांना दाखवा. मीठ बेताचे, विडी-तंबाखू बंद आणि रोज चालणे, एवढे तर आपल्या हाती आहे ना?