मोटारीतून जादा इंधन नेताना



पेरणीचा हंगाम आला की वाशिम जिल्ह्यातील आसेगावच्या परिसरात इंधनाची ने-आण वाढते. हा भाग सोयाबीन, तूर आणि कपाशीचा. ट्रॅक्टरला डिझेल लागते, फवारणीच्या यंत्राला पेट्रोल. आणि पंपावरून ते पुष्कळदा घरच्या मोटारीतून, खाद्यतेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅनमध्ये येते. मागच्या आसनावर मुले बसलेली असतात.

डिझेल आणि पेट्रोल यांना एकाच मापाने तोलणे, ही यातील मूळ चूक होय. डिझेलची वाफ पेटण्यास बरीच उष्णता लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या सुमारासही ठिणगीसरशी पेटते. मग वऱ्हाडच्या उन्हात बंद मोटारीची काय कथा! ही वाफ हवेहून तीन ते चार पट जड असल्यामुळे वर निघून जात नाही. ती आसनांखाली व डिकीच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले, तरी एक ठिणगी पुरते.

१९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंतच बाळगता येते. भांडे घट्ट बुचाचे हवे; धातूचे असल्यास २५ लिटरपर्यंत, काचेचे वा चिनी मातीचे असल्यास केवळ १ लिटरचे. तेलाच्या कॅनला त्यात स्थान नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीत घडविलेला २० लिटरचा पत्र्याचा जेरिकॅन आजही आदर्श मानावा असा आहे. त्याच्या वरच्या भागात हवेसाठी मुद्दाम जागा ठेवलेली असते. तापमान २० अंशांनी वाढले, की २० लिटर पेट्रोल सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते. म्हणूनच डबा काठोकाठ भरू नये.

भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा आणि नळीचे तोंड डब्याच्या काठाला टेकलेले असावे. गाडीतील गालिच्यावर ठेवलेल्या डब्यात स्थिर विद्युत साठून राहते. जमिनीवर ती वाहून जाते. नेताना डबा डिकीत उभा, पट्ट्याने बांधलेला असावा, काचा थोड्या उघड्या असाव्यात आणि पोहोचताच तो बाहेर काढावा.

मोटारीसाठी म्हणून जादा पेट्रोल बाळगण्याची गरज आता क्वचितच पडते. टाकी अर्ध्यावर येताच भरून घेतली, की काम भागते. फवारणीचे पेट्रोल मात्र आणावेच लागते. ते दिवसाच्या कामापुरतेच आणावे आणि त्या फेरीत मुलांना घरी ठेवावे.