शेजाऱ्यांवरून ठरणारा रंग

सप्टेंबरात साताऱ्याच्या कास पठारावर गेलात, तर तेरड्याचा गुलाबी पट्टा कुठे संपतो आणि सोनकीचा पिवळा कुठे सुरू होतो, ते जरूर पाहा. तेरड्याची बोंडं फुटून बी जवळपासच उडतं; सोनकीचं बी वाऱ्यावर दूर जातं. मातीचा थर आणि ओल यांचाही वाटा असतोच. पण शेजारावरून रंग कसा ठरतो, हे चौकटीच्या वहीतही करून पाहता येतं.

गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ हा असाच चौकटींचा खेळ १९७० साली जगासमोर आला. प्रत्येक चौकट म्हणजे एक घर, आणि प्रत्येक घराला आठ शेजारी. दोन किंवा तीन शेजारी जिवंत असले, तर जिवंत घर टिकतं, एरवी मरतं. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असले, की तिथे नवा जीव जन्मतो. रंगीत प्रकारात त्याला तिघांतल्या बहुमताचा रंग मिळतो. तीन ही विषम संख्या, म्हणून दोन रंगांत बरोबरी होतच नाही. चार रंगांच्या खेळात तिघेही वेगळे निघाले, तर नवा जीव उरलेला चौथा रंग घेतो. किती सुंदर नियम आहे हा!

आता ओळीने तीन घरं रंगवा: गुलाबी, गुलाबी, पिवळं. पुढच्या पिढीत आडवी ओळ उभी होते आणि पिवळा रंग नाहीसा होतो. तेच पिवळं मधोमध ठेवलं, तर ओळ आडवी-उभी होत राहते, पिवळा मात्र कायम टिकतो. सांगली-साताऱ्याच्या शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर घ्यावा; खडू आणि फळा एवढं पुरेसं आहे.