ड्रायव्हरला किती दारे उघडावीत?



आजचा विषय वरकरणी केवळ तंत्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा वाटेल. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमने ड्रायव्हरसाठी जी चौकट आखावयाची, तीत कोणती फंक्शने खुली करावीत आणि कोणती राखून ठेवावीत, हा तो विषय होय. ड्रायव्हर म्हणजे येथे गाडी हाकणारा माणूस नव्हे. प्रिंटर, पडदा, डिस्क अशा उपकरणांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलणारा तो एक प्रोग्राम असतो. पुष्कळदा तो उपकरणाच्या कारखानदाराने लिहिलेला असतो. पण चालतो मात्र बहुधा सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. सामान्य प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधला ड्रायव्हर चुकला तर सारे यंत्रच थांबू शकते. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सची तपासणी केली, तेव्हा कर्नलच्या इतर भागांच्या मानाने ड्रायव्हरमध्ये काही प्रकारच्या चुका तिपटीपासून सातपटीपर्यंत अधिक आढळल्या.

या चौकटीला दोन तोंडे असतात. एक प्रोग्रामांकडे, दुसरे ड्रायव्हरकडे. पहिल्या तोंडाविषयी केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स रचताना मोठी काटकसर केली. उपकरण ही एक फाइलच मानावयाची. ती उघडावी, वाचावी, तीत लिहावे, बंद करावी. परंतु टर्मिनलचा वेग बदलणे हे ना वाचन, ना लेखन! अशा किरकोळ कामांसाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'आयओसीटीएल' हे फंक्शन आले. एक आज्ञा-क्रमांक द्यावा, एक पत्ता द्यावा, आणि अर्थ ड्रायव्हरने लावावा. नीटनेटक्या घरामागे बांधलेली ही अडगळीची खोली पुढे घराहून मोठी झाली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

खरा वाद दुसऱ्या तोंडाचा आहे. लिनक्समध्ये कर्नलचे एखादे फंक्शन बाहेरून जोडलेल्या मॉड्यूलला वापरता यावे, तर ते स्पष्टपणे 'एक्सपोर्ट' करावे लागते. कर्नलच्या स्वतःच्या संग्रहातील एखादे मॉड्यूल ते वापरीत असेल तरच एक्सपोर्ट करावे, असा तेथील रिवाज आहे. मला तो कठोर पण योग्य वाटतो. कारण कोणी वापरणाराच समोर नसेल, तर त्या फंक्शनचे रूप बरे की वाईट हे कळावे कसे? शिवाय दिलेले परत घेणे सोपे नसते. विंडोजमध्ये कारखानदार तयार ड्रायव्हर विकतात, म्हणून तेथे एकदा दिलेले फंक्शन हे वर्षानुवर्षे पाळावयाचे वचन ठरते. लिनक्सचे कर्तेधर्ते प्रोग्रामांना दिलेला शब्द पाळतात, पण ड्रायव्हरांना तसे वचन देत नाहीत. त्यामुळे संग्रहाबाहेर राहिलेल्या ड्रायव्हरचे हाल होतात, हेही मान्य केले पाहिजे.

या रिवाजाला एक मोठे भगदाड होते. 'कॉलसिम्स-लुकअप-नेम' या फंक्शनला नाव सांगितले की ते कर्नलमधील त्या नावाच्या फंक्शनचा पत्ता देई. म्हणजे जी दारे मुद्दाम बंद ठेवली होती, त्या सर्वांची किल्ली याच एका दारात टांगलेली! संग्रहातील एकही मॉड्यूल ते वापरीत नव्हते. २०२० साली ५.७ या आवृत्तीत ते मागे घेण्यात आले. परंतु बाहेरून जोडलेल्या, कर्नलच्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या साधनांनाही त्याची गरज होती, आणि त्यांचे काम अगदी प्रामाणिक होते. मग कर्नलमध्येच असलेल्या 'केप्रोब' या शोधसाधनाच्या आधारे लोकांनी त्याच फंक्शनचा पत्ता हुडकून काढला. दार बंद झाले, तेव्हा सज्जन माणसेही खिडकीतून आत आली.

चौकट आखणाऱ्यांनी नकार देताना याचा विचार करावयास हवा होता, असे माझे मत आहे. फंक्शन नाकारले तरी गरज उरतेच, आणि ती अधिक धोक्याची वाट शोधते. १९ जुलै २०२४ रोजी याच प्रश्नाचे एक भयंकर रूप जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीचे सुरक्षा-सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून चालत असे. नव्याने धाडलेल्या नियमांत एकविसावे मूल्य तपासावयाचे होते. प्रोग्रामजवळ होती वीसच. तो नसलेले मूल्य वाचण्यासाठी स्मृतीच्या मर्यादेबाहेर गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. विमाने अडकली, इस्पितळांची कामे खोळंबली.

मग अशा सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर का काढले नव्हते? ॲपलने २०१९ पासून, मॅकओएस कॅटालिनामध्ये, तोच मार्ग धरला होता. ड्रायव्हरकिट ही चौकट ड्रायव्हरला कर्नलबाहेर चालवते, आणि सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी तेथे वेगळी फंक्शने दिली गेली. मायक्रोसॉफ्टचा मार्ग इतका मोकळा नव्हता. आपली स्वतःची सुरक्षा-उत्पादने ज्या फंक्शनांचा वापर करतील ती इतरांनाही उपलब्ध राहतील, अशी हमी तिने २००९ साली युरोपीय आयोगाला दिली होती. म्हणजे इतरांना बाहेर काढावयाचे तर स्वतःही बाहेर पडावयास हवे, आणि बाहेर पडलेल्यांना तेथून काम करता येईल अशी फंक्शने आधी घडवावयास हवीत. त्या फंक्शनांची यादी ठरविण्यासाठी मायक्रोसॉफ्टला पुढे ज्यांच्याबरोबर बसावे लागले, त्या कंपन्यांत क्राउडस्ट्राइकही होती.