नाडीची साक्ष

नोकरीसाठीं अर्ज करणाऱ्या तरुणाला कोणकोणत्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांची यादी आपणां सर्वांना पाठ आहे. प्रमाणपत्रें दाखवावीं, लेखी परीक्षा द्यावी, मुलाखतीस जावें, दोन प्रतिष्ठित गृहस्थांचीं शिफारसपत्रें आणावीं, आणि डॉक्टरकडून प्रकृतीचा दाखला घ्यावा. परंतु अमेरिकेंत कांहीं नोकऱ्यांसाठीं याहून निराळी एक परीक्षा असते. उमेदवाराला खुर्चीवर बसवून त्याच्या छातीभोंवतीं आणि पोटाभोंवतीं नळ्या बांधतात, दंडावर रक्तदाब मोजण्याची पट्टी आवळतात, बोटांना धातूच्या चकत्या लावतात, आणि मग त्याला प्रश्न विचारतात. तोंडानें दिलेलें उत्तर गौण. श्वास, नाडी आणि घाम काय उत्तर देतात तें मुख्य. या यंत्राला पॉलिग्राफ म्हणतात. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव 'लाय डिटेक्टर', म्हणजे खोटें पकडणारें यंत्र. त्याच्याविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे. विषय परक्या देशाचा असला तरी तो माझ्या घरांत शिरला आहे.

माझा एक भाचा अमेरिकेंतच जन्मला आणि वाढला. हिशेबशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यानें तेथील मध्यवर्ती सरकारच्या एका तपास खात्यांत अर्ज केला. खात्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. दोहोंत तो उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला. मग तो या यंत्रापुढें बसला आणि तीन तासांनीं बाहेर पडला. कांहीं दिवसांनीं त्याला एवढेंच कळविण्यांत आलें कीं, एका प्रश्नाच्या वेळीं आपण सत्य सांगत नव्हतां असें दिसतें, सबब अर्ज नामंजूर. वर्षभराची खटपट व्यर्थ गेली. त्यानें मला लिहिलें, "मामा, मी खोटें बोललों नाहीं. पण हें आतां कोणाला आणि कसें सिद्ध करून दाखवूं?" त्याला काय उत्तर द्यावें हें मला सुचेना, म्हणून मी या यंत्राचा इतिहास वाचूं लागलों.

हें यंत्र शंभर वर्षांपूर्वींचें आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कले शहरीं ऑगस्ट व्होल्मर हे पोलीसप्रमुख असतांना त्यांच्या हाताखालीं जॉन लार्सन नांवाचा एक पोलीस होता. शरीरक्रियाविज्ञानांत डॉक्टरची पदवी मिळविलेला असा हा विरळा पोलीस! रक्तदाब आणि श्वास यांची नोंद कागदावर एकसारखी उमटत राहील असें यंत्र त्यानें १९२१ सालीं तयार केलें. त्याचा तरुण सहकारी लिओनार्ड कीलर यानें तें सुटसुटीत करून पेटींत बसविलें, आणि पुढें शिकागो शहरीं त्याचा धंदा थाटला. चोराच्या शोधासाठीं जन्मलेलें यंत्र कीलरनें बँकांच्या नोकरांपुढें नेऊन ठेवलें. अणुबाँबसाठीं युरेनियम जेथें शुद्ध करीत असत, त्या ओक रिज येथील नोकरांची तपासणीहि १९४६ पासून या यंत्रानें होऊं लागली. ती १९५३ पर्यंत चालली. लार्सनचा स्वतःचा मात्र पुढें या यंत्राविषयीं भ्रमनिरास झाला.

येथें झालेला एक बदल आपण लक्षांत घ्यावा. पूर्वीं प्रश्न असे, "अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं चोरी झाली; ती तूं केलीस काय?" नोकरीच्या उमेदवाराला विचारतात तो प्रश्न असा नसतो. कोणतीहि चोरी झालेली नसते, कोणावर संशय नसतो. "तूं आजवर कधीं चोरी केलीस काय? कधीं गंभीर अपराध लपविलास काय?" असें विचारलें जातें. म्हणजे एका कृत्याची चौकशी संपून सगळ्या आयुष्याची झडती सुरू होते. आणि ज्याचें आयुष्य अगदीं निष्कलंक आहे असा मनुष्य मिळणें कठीण.

आतां यंत्राच्या अंगीं काय सामर्थ्य आहे तें पाहूं. तें श्वासाचा वेग, रक्ताचा दाब आणि बोटांचा घाम एवढेंच मोजतें, आणि तें मोजण्याचें काम उत्तम करतें. परंतु केवळ असत्य बोलतांनाच उमटेल आणि एरवीं कधींहि उमटणार नाहीं अशी एकहि खूण निसर्गानें मनुष्याच्या शरीरांत ठेवलेली नाहीं. भीतीनें छाती धडधडते, तशीच ती लाजेनें, रागानें, आणि आपल्यावर विश्वास ठेवला जात नाहीं या दुःखानेंहि धडधडते. कागदावरील रेघ त्यांत भेद करूं शकत नाहीं. तो भेद करतो परीक्षक. म्हणजे निकाल शेवटीं माणसाचाच, त्यावर शिक्का मात्र यंत्राचा.

परीक्षेची रीत मोठी चतुर आहे. सर्व प्रश्न उमेदवाराला आधींच वाचून दाखवितात. कित्येकदां त्याला एक आंकडा मनांत धरावयास सांगून यंत्राच्या साहाय्यानें तो ओळखून दाखवितात. हेतु हा कीं, यंत्र चुकत नाहीं अशी त्याची खात्री व्हावी. मग मुख्य प्रश्नांमध्यें कांहीं तुलनेचे प्रश्न मिसळतात. "ज्यानें आपल्यावर विश्वास टाकला त्याच्याशीं कधीं खोटें बोललां काय?" अशासारखा प्रश्न ऐकून कोण चाचरणार नाहीं? प्रामाणिक मनुष्य तुलनेच्या प्रश्नाला अधिक भिईल आणि अपराधी मनुष्य मुख्य प्रश्नाला अधिक भिईल, असें हें गणित आहे. परंतु ज्याचें मन हळवें आहे तो मुख्य प्रश्नालाच अधिक भ्याला, तर त्याचा प्रामाणिकपणाच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

ही युक्ति आपणांसहि अगदींच अपरिचित नाहीं. आपल्या स्मृतिग्रंथांत चोरीच्या संशयासाठीं तंडुल-दिव्य सांगितलें आहे. संशयितानें तांदूळ चावून थुंकावयाचे. त्यांत रक्त दिसलें, टाळू सुकली किंवा अंग कांपूं लागलें, तर तो दोषी ठरे. भयानें तोंडाला कोरड पडते हें निरीक्षण अचूक होतें. चूक एवढीच कीं, कोरड चोराच्याच तोंडाला पडते असें गृहीत धरलें होतें. मराठेशाहींत उकळत्या तेलातुपांतून हातानें धातूचा तुकडा काढण्याचें रवा-दिव्य होत असे. तें मागें पडलें याचा आपण अभिमान बाळगतों. परंतु तंडुल-दिव्य विजेच्या तारा लेवून परत आलें, तेव्हां त्याला आपण शास्त्र म्हणूं लागलों.

अमेरिकेंतील न्यायाधीश याला लवकर भुलले नाहींत. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानें रक्तदाबावरून केलेली परीक्षा एका खून-खटल्यांत पुढें आली असतां वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें १९२३ सालीं ती अग्राह्य ठरविली. शास्त्रज्ञांत या पद्धतीला सर्वसाधारण मान्यता नाहीं, असें कारण दिलें. याच मार्स्टननें पुढें १९४१ सालीं 'वंडर वूमन' ही चित्रकथेंतील नायिका निर्माण केली. तिच्या हातीं एक दोरखंड आहे, आणि त्यांत सांपडलेल्या मनुष्याला सत्य बोलावेंच लागतें. कल्पनेंतील तो दोरखंड कधीं चुकत नाहीं. खऱ्या यंत्राचें तसें नाहीं.

परंतु जी साक्ष न्यायालयाच्या उंबरठ्यावर अडली, ती मालकांच्या कचेऱ्यांतून बिनदिक्कत हिंडत राहिली. दुकानें, बँका, गुदामें, सर्वत्र उमेदवारांना या खुर्चीवर बसविण्याची चाल पडली. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९५९ सालीं तिच्याविरुद्ध कायदा केला. आणि १९८८ सालीं अध्यक्ष रेगन यांच्या सहीनें सबंध राष्ट्रासाठीं कायदा झाला. त्या कायद्यानें बहुतेक खाजगी मालकांना उमेदवाराची अशी परीक्षा घेण्याची बंदी झाली. पहारेकरी पुरविणाऱ्या संस्था आणि औषधें बनविणारे किंवा वांटणारे व्यापारी यांना कांहीं मर्यादेंत सवलत मिळाली. मात्र सरकारनें स्वतःला या कायद्यांतून वगळलें! मध्यवर्ती तपास खातें, म्हणजे एफ्. बी. आय्., यानें १९९४ पासून आपल्या उमेदवारांना ही परीक्षा लावली, आणि सरहद्दीवरील पोलिसांच्या भरतीला ती २०१० च्या कायद्यानें आवश्यक झाली.

सरकारची बाजू मी दडवूं इच्छीत नाहीं. राष्ट्राचीं गुपितें ज्यांच्या हातीं द्यावयाचीं त्यांची पारख केलीच पाहिजे. शिवाय यंत्राच्या धाकानें पुष्कळ उमेदवार आपण होऊन कबुली देतात, असें या परीक्षेचे समर्थक सांगतात. तेंहि खरें आहे. पण मग काम यंत्राच्या ज्ञानानें झालें कीं त्याच्या धाकानें? धाकच हवा असेल तर बंद पडलेलें यंत्रहि पुरेसें होईल.

शास्त्रीय निर्णय पाहावयाचा, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २००३ सालचा अहवाल पाहावा. त्यांत एक उदाहरण घेतलें आहे. समजा, १०,००० नोकर आहेत आणि त्यांत १० हेर लपले आहेत. यंत्र बरेंच अचूक आहे असें धरलें आणि दहांतील आठ हेर सांपडावेत इतकी चाळणी बारीक केली, तर सुमारें १,६०० माणसें नापास होतात. त्यांत हेर ८. बाकीचे सर्व निरपराधी! आणि दोन हेर तरीहि निसटतातच. निरपराध्यांना त्रास नको म्हणून चाळणी मोठी केली, तर सुमारें ४० च नापास होतात. पण त्यांत हेर दोनच, आणि उरलेले आठ सुखानें कामावर. कारण उघड आहे. हजारों प्रामाणिकांत दहा अप्रामाणिक शोधावयाचे असतात, तेव्हां लहानशी चूकहि प्रामाणिकांच्याच माथीं अधिक बसते.

आणि खरा हेर? ऑल्ड्रिच एम्स हा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांतला अधिकारी रशियाला गुपितें विकत होता. १९८६ आणि १९९१ सालीं तो या यंत्रापुढें बसला आणि दोन्ही वेळां उत्तीर्ण झाला. १९९४ सालीं तो पकडला गेला. परीक्षेपूर्वीं त्यानें रशियन लोकांचा सल्ला विचारला होता. स्वस्थ झोप घ्यावी आणि परीक्षकाशीं गोडीनें वागावें, एवढाच तो सल्ला होता. निर्ढावलेल्या मनुष्याला तेवढा पुरला.

आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१० रोजीं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत निकाल दिला कीं, कोणाचीहि अशी परीक्षा त्याच्या इच्छेविरुद्ध घेतां येणार नाहीं. तो निकाल केवळ गुन्ह्यांच्या तपासापुरता नाहीं. मनुष्याच्या मनाचें दार बाहेरून फोडूं नये, हें त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व सर्वांनींच ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हें सारें मीं भाच्याला लिहून कळविलें. तुझी चूक नाहीं, यंत्राची आहे, असें त्याचें समाधान केलें. त्याचें जें उत्तर आलें, तें वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलों.

त्यानें लिहिलें होतें: "मामा, गंभीर अपराध लपविल्याचा प्रश्न आला तेव्हां मला पुण्याचें आपलें घर आठवलें. मी दहा वर्षांचा असतांना सुटींत आलों होतों. देवघरांतल्या डबींतली पन्नास रुपयांची नोट मीं घेतली आणि क्रिकेटचा चेंडू आणला. आजीनें कामाच्या बाईंवर आळ घेतला आणि त्यांना काढून टाकलें. मी दाराआड उभा होतों. कांहीं बोललों नाहीं. त्यांचा चेहरा डोळ्यांपुढें आला आणि माझा श्वास अडकला."

श्रोतेहो, तो प्रसंग मलाहि आठवतो, कारण त्या दिवशीं मी घरींच होतों. माझी आई न्यायी स्वभावाची होती. पुराव्यावांचून तिनें कोणाला दोष दिला नसता. पुरावा काय होता? तिनें विचारतांच त्या बाई गोंधळल्या, त्यांचा आवाज कांपला, डोळ्यांत पाणी आलें. "चेहऱ्यावरच दिसत होतें," असें आई म्हणाली, आणि आम्हां सर्वांना तें पटलें. आमच्या घरीं कोणतेंहि यंत्र नव्हतें. परंतु परीक्षा तीच झाली आणि निकालहि तसाच लागला. ज्यानें नोट घेतली होती तो शांत उभा होता, आणि जिनें घेतली नव्हती ती थरथरत होती.

मी त्यांचा पत्ता काढला. त्या आतां वृद्ध झाल्या आहेत, मुलाजवळ राहतात. आईच्या वतीनें आणि भाच्याच्या वतीनें मीं क्षमा मागितली. त्या वेळीं त्या एवढ्या कां घाबरल्या, हेंहि विचारलें. त्या म्हणाल्या, "घाबरूं नाहीं तर काय करूं, दादा? काम गेलें तर पोरांना काय घालूं, म्हणून घाबरलें होतें."

अमेरिकेंत त्या खुर्चीवर बसणाऱ्या उमेदवाराची नाडीहि पुष्कळदां हेंच सांगत असते. आपल्या घरांत, कचेरींत, शाळेंत कोणाला जाब विचारण्याचा प्रसंग आला आणि समोरचा मनुष्य कांपूं लागला, तर निकाल देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.