गिलाव्याआधी एक रिकामा पाईप

दिवाळी झाली की गावागावांत घरांची डागडुजी निघते. गवंडी मिळेनासा होतो, वाळूचे ढीग दारात पडतात. म्हणून आज आम्ही गिलाव्याच्या आत काय घालायचं, त्याबद्दल बोलणार आहोत. वायरमनचं काम आपल्या कार्यक्रमात कशाला, असं म्हणू नका. आम्हीही तसंच म्हणत होतो आणि ते महागात पडलं.

आमच्या गटातल्या एकीनं घराचं काम काढलं. जुनं घर, दगडामातीच्या दीड हात रुंद भिंती. आतून नवा गिलावा, रंग, फरशी, विजेचं फिटिंगही नवं. नेटची वायर मात्र कुणाच्या ध्यानातच आली नाही. ‘वायफाय आहे की, वायर कशाला?’ असं सगळेच म्हणाले. राउटर सोप्यात बसला. सोप्यात रेंज भरपूर, माजघरात निम्मी आणि परसातल्या गोठ्यात नसल्यातच जमा. जाड भिंत, स्लॅबमधली सळई, पत्रा, हे सगळं वायफायला अडवतं.

गोठ्यावर कॅमेरा होता. त्याचं चित्र कधी यायचं, कधी नाही. एका पहाटे तीन शेळ्या गेल्या. गटाच्या कर्जातून घेतलेल्या. मोबाईलवर त्या रात्रीचं काहीच नव्हतं. चोर सापडलाच असता, असं आम्ही म्हणत नाही. पण फोन वाजला असता तर घरातलं कुणी उठलं असतं, ही रुखरुख राहिली. पुढचे दोन हप्ते आम्ही सगळ्यांनी मिळून भरले.

मग वायर ओढायची ठरली, तर नवा गिलावा फोडावा लागला. छन्नी, धूळ, परत सिमेंट, परत रंग. वरचा डाग अजून दिसतो.

त्यानंतर गटातल्या दुसरीच्या घराचं काम निघालं, तेव्हा आम्ही आधी बसलो. काय केलं ते सांगतो.

पहिलं, खडू घेऊन घरभर फिरलो. बाहेरून नेटची वायर कुठून येणार, पोरं अभ्यासाला कुठं बसणार, टीव्ही कुठं, कॅमेरे कुठं, पुढेमागे पाण्याच्या टाकीवर पातळी सांगणारं यंत्र बसवलं तर ते कुठं, अशा सगळ्या जागी भिंतीवर खुणा केल्या. या सगळ्या जागांचे पाईप एकाच ठिकाणी आणायचे. ते ठिकाण कोरडं हवं, चुलीच्या धुरापासून लांब हवं, आणि तिथं इन्व्हर्टरचा प्लग हवा. राउटर तिथंच बसवायचा.

दुसरं, नेटचा पाईप विजेच्या पाईपपासून वेगळा ठेवला. दोन्ही वायरी एका पाईपात कधीच घालू देऊ नका. विजेच्या वायरीचं आवरण खराब झालं तर 230 व्होल्टचा करंट नेटच्या वायरीत उतरू शकतो. शिवाय शेजारून वीज गेली की नेटमध्ये अडथळा येतो. दोन्ही पाईप शेजारून न्यावेच लागले तर मध्ये फूटभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचं तर काटकोनात ओलांडू द्या.

तिसरं, पाईप 25 मिलिमीटरचा घेतला आणि वळणं मोठी ठेवली. काटकोनी वळणात वायर अडते, दुमडते. प्रत्येक पाईपात एक तार ओढून ठेवली, म्हणजे पुढं नवी वायर त्या तारेला बांधून ओढता येते. शिवाय माजघरात आणि छतावर एकेक पाईप रिकामाच सोडला. आज लागत नाही, उद्या लागेल. गिलाव्याआधी पाईपाला खर्च थोडा, गिलाव्यानंतर तोडफोडीचा खर्च जास्त.

चौथं, वायर. दुकानात ‘कॅट 6, शुद्ध तांब्याची’ असं स्पष्ट सांगा. स्वस्त वायरीत पुष्कळदा आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. टोक खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही वायर 100 मीटरच्या आत ठेवायची. गोठ्याकडे जाणारी वायर उन्हापावसात टिकणारी, बाहेरच्या कामाची घ्या. ढग भरून आले की तिचं टोक काढून ठेवा, म्हणजे वीज पडली तरी तिच्या वाटेनं घरातलं सामान जळणार नाही.

काही कॅमेऱ्यांना नेटच्याच वायरीतून वीज देता येते. त्याला ‘पीओई’ म्हणतात. त्याची पेटी घरात राउटरशेजारी इन्व्हर्टरवर ठेवली की गोठ्याची लाईट गेली तरी कॅमेरा चालू राहतो.

पाचवं, प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रलची वायर आणून ठेवायला सांगा. मोबाईलवरून चालणाऱ्या बऱ्याच स्विचांना ती लागते. परसातला दिवा अंथरुणातून लावता आला, तर गुडघे धरलेल्या सासूबाईंना अंधारात चाचपडावं लागणार नाही.

शेवटी, गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढला. आता खिळा ठोकताना पाईप कुठं आहे ते कळतं. वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली: ‘गोठा’, ‘माजघर’, ‘टाकी’.

मैत्रिणींनो, वायरमन घरी आला की आपण चहा ठेवायला आत जातो आणि बाहेर सगळं ठरून जातं. घरात कोण कुठं बसतं, रात्री कोण कुठं उठतं, शेळी कुठं बांधतात, हे आपल्याला जास्त ठाऊक असतं. चहा जरा उशिरा झाला तरी चालेल. आधी खडू हातात घ्या.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घराचं काम निघालंय, त्यांनी घराचा नकाशा वहीच्या पानावर काढून आणा. आपण सगळ्या मिळून खुणा करू.