लोह, स्फुरद आणि समुद्राचा तळ



पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांतील एखाद्या नदीच्या मुखाशीं उभें राहिलें, तर तिचें पाणी तांबडें दिसतें. हा रंग जांभ्या दगडाच्या मातीचा, म्हणजे गंजलेल्या लोहाचा. पावसाळा सरल्यावर त्याच खाडीच्या कांठीं, ओहोटीच्या वेळीं, चिखलांत काठी खुपसून पाहावी. वर एक पातळ तपकिरी थर असतो. त्याखालीं काळाकुट्ट चिखल लागतो आणि कुजक्या अंड्यासारखी घाण सुटते. तपकिरी रंग लोहाचा आणि काळा रंगही लोहाचाच! हा रंगपालट म्हणजे केवळ चिखलाची गंमत नव्हे. समुद्रांतील जीवांचें पोषण, आणि कित्येकदां त्यांचें मरणही, त्यावर अवलंबून असतें.

हें समजण्यासाठीं प्रथम स्फुरदाची ओळख हवी. फॉस्फरस म्हणतात तो हाच. हाडांत, दांतांत, वनस्पतींच्या प्रत्येक पेशींत तो असतो. शेतकरी खताच्या पोत्यांतून तोच विकत घेतो. समुद्रावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचें पृथक्करण केलें, तर स्फुरदाच्या एका अणूमागें नत्राचे सुमारें १६ आणि कर्बाचे सुमारें १०६ अणु आढळतात. आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नांवानें हें प्रमाण प्रसिद्ध आहे. चिमूटभर स्फुरद मिळाला कीं ओंजळभर वनस्पति वाढतात, असा त्याचा अर्थ. पण अति तेथें माती! शहरांचें सांडपाणी व शेतांतील खत वाहून आलें म्हणजे शेवाळें माजतात, मरतात, तळाशीं जाऊन कुजतात. आणि त्या कुजण्यांत पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो.

येथें लोह पहारेकऱ्याचें काम करतें. गंजाच्या सूक्ष्म कणांस स्फुरद घट्ट चिकटतो. खालच्या थरांतून विरघळून वर येणारें लोह त्या तपकिरी थरांत प्राणवायूशीं गांठ पडतांच गंजतें आणि निसटूं पाहणाऱ्या स्फुरदास पकडून ठेवतें. जणूं गाळाच्या पेटीला लोखंडी कुलूपच! परंतु हें कुलूप प्राणवायु आहे तोंवरच बंद राहतें. तो संपला कीं गाळांतील सूक्ष्मजंतु गंजांतील लोहावरच आपला श्वास चालवितात. गंज विरघळतो आणि बंदींतला स्फुरद पुन्हां पाण्यांत येतो. सरोवरांच्या बाबतींत ही क्रिया जर्मनीच्या आइन्झेले यांनीं १९३६ सालीं दाखविली. इंग्लंडांतील मॉर्टिमर यांनीं सरोवराचा गाळ व पाणी पात्रांत ठेवून, एकांत हवा खेळवून व दुसऱ्यांत ती बंद करून, १९४१ व १९४२ सालीं तिचें सविस्तर वर्णन केलें.

समुद्रांत मात्र आणखी एक पात्र रंगभूमीवर येतें, तें म्हणजे गंधक. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें २.७ ग्रॅम सल्फेट असतें. गोड्या पाण्यांत तें फारच थोडें. प्राणवायु नसतां कांहीं जंतु या सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड वायु तयार करतात. कुजक्या अंड्याची घाण ती हीच. हा गंधक लोहाला धरतो व त्याचें काळें लोह-सल्फाइड बनतें. पहारेकरीच असा कैदेंत पडला, तर स्फुरदाला अडविणार कोण?

या प्रश्नाचें गंभीर उत्तर युरोपांतील बाल्टिक समुद्रांत पाहावयास मिळतें. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांनीं तो बाहेरच्या समुद्राशीं जोडलेला आहे. नद्यांचें हलकें पाणी वर आणि खारें, जड पाणी खालीं, असे थर पडत असल्यामुळें वरची हवा तळाशीं पोंचत नाहीं. बाहेरून खाऱ्या पाण्याचा मोठा लोंढा आला, तरच खोल तळाला प्राणवायु मिळतो. १९५१, १९९३ व २०१४ सालीं असे मोठे लोंढे आले. पण २०१४ च्या लोंढ्यानें आणलेला प्राणवायूही थोड्याच वर्षांत संपला. कॉड माशाचीं अंडीं त्या खोल, खाऱ्या पाण्यांत तरंगतात व प्राणवायूवांचून मरतात. पूर्व बाल्टिकमधील कॉड इतका रोडावला कीं, २०१९ सालीं युरोपीय संघाला त्याची मासेमारी बहुतेक भागांत थांबवावी लागली. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत तळचा हा गुदमरही आहे.

कांठावरील देश स्वस्थ बसले, असें नाहीं. त्यांनीं १९७४ सालीं हेलसिंकी येथें करार केला. सांडपाणी शुद्ध होऊं लागलें, आणि १९८० नंतरच्या दशकांतील प्रमाणाशीं तुलना करतां समुद्रांत जाणारा स्फुरद जवळजवळ निम्म्यानें घटला. तरी उन्हाळ्यांत नीलहरित शेवाळांचे थर अजून पसरतात. हीं शेवाळें हवेंतला नत्र स्वतः मिळवितात. त्यांना उणीव असते ती स्फुरदाची, आणि ती तळचा जुना गाळ भरून काढतो. शेवाळें मरून प्राणवायु संपवितात, प्राणवायु संपला कीं आणखी स्फुरद सुटतो. सावकाराचें कर्ज घेणें थांबविलें, तरी मागील व्याज चुकत नाहीं, तसेंच हें.

मात्र त्याच समुद्राच्या उत्तरेकडील बोथनियाच्या आखातांत चित्र निराळें आहे. तेथें पाणी बरेंच गोडें, गंधक कमी आणि नद्यांनीं आणलेलें लोह मुबलक. म्हणून खोल गाळांत लोह व स्फुरद यांचें व्हिव्हियनाइट नांवाचें खनिज तयार होतें. हवा लागतांच निळें पडणारें हें खनिज प्राणवायु नसतांही स्फुरद धरून ठेवतें. तेथील गाळांत कायमचा पुरला जाणारा स्फुरद मोठ्या प्रमाणावर याच रूपांत असतो, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें.

स्टॉकहोमजवळच्या एका लहानशा खाडींत गाळामध्यें ॲल्युमिनियमचें द्रावण मिसळून स्फुरद बांधण्याचा प्रयोगही झाला आहे. ॲल्युमिनियमची पकड प्राणवायु संपल्यानें सुटत नाहीं. परंतु खाडीला जें साधलें, तें अफाट समुद्राच्या तळावर साधणें सोपें नव्हे.

कोंकणच्या खाड्यांत दिवसांतून दोन वेळां भरती-ओहोटी पाणी हालवीत असते, हें त्यांचें भाग्य. तरी गांवाची घाण खाडीनें पोटांत घातली म्हणजे ती नाहींशी झाली, असें कोणी समजूं नये. बोटभरही जाड नसलेला तो तपकिरी थर तिचा हिशेब ठेवीत असतो. आणि तो काळा पडला, म्हणजे जुनी बाकी वसूल होऊं लागते.