गोलात उभ्या राहणाऱ्या मुलांच्या गळ्याची काळजी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी आपल्यापैकीच एखादी सभासद चार शब्द बोलते, असा आपला परिपाठ आहे. यंदा माझे नाव निघाले तेव्हा मी म्हटले, माझी मजल सातवीपर्यंतची. मी काय भाषण करणार? त्यावर कार्यवाहबाई म्हणाल्या, "ज्या गोष्टीचा घोर तुम्हांला रोज संध्याकाळी असतो, तिच्याविषयी बोला." माझी धाकटी मुलगी रोज संध्याकाळी हॉकीच्या गोलात उभी राहते. तेव्हा मी त्याविषयीच बोलणार आहे.

आपल्या खडकीला हॉकी नवी नाही. धनराज पिल्ले याच खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढले. त्यांचे वडील मैदानाची देखभाल करीत, आणि ही मुले मोडक्या स्टिका जोडून खेळत. तेथून निघून ते 1992 पासून 2004 पर्यंत चार ऑलिंपिक खेळले. त्यामुळे आपल्याकडे मूल हॉकी खेळते म्हटले की कोणी नाक मुरडत नाही. बूट घेतो, स्टिक घेतो, शिन पॅड घेतो, दातांचे गार्डही घेतो. पण गोलकीपरचे सामान मैदानाचे असते, ते आळीपाळीने सगळी मुले घालतात, आणि त्यात काय आहे व काय नाही हे आपण आया कधी उघडून पाहत नाही. हेल्मेट असते, छातीचे असते, पायांचे मोठे पॅड आणि बुटांवरचे किकर असतात. मात्र हेल्मेटच्या खाली आणि छातीच्या वर चार बोटे जागा उघडी राहते. ती जागा म्हणजे गळा. काही मुली तेथे ओढणी नाहीतर रुमाल गुंडाळतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

असे का होते? खेळाच्या नियमांत गोलकीपरला हेल्मेट, पायांचे पॅड आणि किकर एवढे सक्तीचे आहे. गळ्याची पट्टी, जिला मुले थ्रोट गार्ड म्हणतात, ती त्या सक्तीच्या यादीत नाही. आणि जे सक्तीचे नाही ते सामान घेताना मागे पडते, हा तर घरातलाही अनुभव आहे.

आता कोणी आजी म्हणतील, पूर्वीचे लोक काय घालीत होते? खरे आहे. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाने 29 गोल केले आणि रिचर्ड ॲलन या गोलकीपरने एकही गोल होऊ दिला नाही. त्या काळी गोलकीपर डोक्याला काही घालीत नसत. पण तो खेळ गवतावरचा होता. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले. त्यावर चेंडू उसळ्या न घेता सरळ आणि जोरात धावतो. शिवाय आता पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारतात. त्यात चेंडू स्टिकने ओढून भिरकावला जातो. पेनल्टी कॉर्नरला पहिलाच फटका सरळ मारला तर चेंडू गोलात साधारण दीड फुटापेक्षा उंच जाऊन चालत नाही. फ्लिकला मात्र ती मर्यादा नाही. मोठ्या खेळाडूंचा फ्लिक ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो. आपली मुले तितक्या जोराने मारीत नाहीत, हे मान्य. पण त्यांचा गळाही तितका मोठा नाही. शिवाय गोलकीपर वाकून उभा असतो, म्हणजे त्याचा गळा चेंडूच्या वाटेत आणखी खाली येतो.

चेंडूचे वजन सांगते. हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅम भरतो. क्रिकेटचा चेंडूही जवळजवळ तितकाच असतो. तो चेंडू मानेवर बसला तर काय होते, हे साऱ्या जगाने 2014 साली पाहिले. 25 नोव्हेंबरला सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूज या पंचवीस वर्षांच्या फलंदाजाला हेल्मेट असूनही त्याच्या खाली मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर हेल्मेटला मागून मानेची पट्टी लावण्याची रीत वाढली, आणि ऑक्टोबर 2023 पासून ऑस्ट्रेलियाने जलद गोलंदाजी खेळणाऱ्या आपल्या मोठ्या खेळाडूंना ती सक्तीची केली. भगिनींनो, मी हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. हेल्मेट घातले म्हणजे सगळे झाकले, असे नव्हे, एवढेच यातून घ्यायचे.

आता खरेदीविषयी. हल्ली मोबाइलवर 'हॉकी नेक गार्ड' असे शोधले की शंभर वस्तू दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा बर्फावरच्या हॉकीच्या असतात. त्या खेळात पायांत धारदार पात्याचे स्केट असतात आणि भीती असते ती गळा चिरण्याची. 28 ऑक्टोबर 2023 रोजी इंग्लंडात शेफील्ड येथे ॲडम जॉन्सन हा खेळाडू तसाच गेला. त्यानंतर त्या खेळाच्या जागतिक संस्थेने गळ्याची पट्टी सक्तीची केली, आणि अमेरिकेत 1 ऑगस्ट 2024 पासून लहान वयाच्या खेळाडूंना ती लागू झाली. ती पट्टी न चिरणाऱ्या धाग्याच्या कापडाची असते. चिरण्यापासून ती वाचवते, पण चेंडूचा मार झेलण्यासाठी ती केलेली नाही. आपल्या मुलांना हवी ती घट्ट फोमची, गोलकीपरची पट्टी. नाव एक, काम निराळे! म्हणून घेताना 'मैदानी हॉकीच्या गोलकीपरसाठी' असे लिहिले आहे का, ते आधी वाचावे. वाचता आले नाही तर मुलांकडून वाचून घ्यावे.

दुसरी गोष्ट मापाची. शिवणाच्या टेपने मुलाच्या गळ्याचा घेर घ्यावा आणि डब्यावरच्या मापाशी ताडून पाहावा. गणवेश घेताना आपण 'वाढते अंग आहे' म्हणून एक माप मोठे घेतो. येथे तसे करू नये. मोठी पट्टी खाली घसरते नाहीतर हनुवटीवर चढते, आणि गळा उघडाच राहतो. बसल्यावर आत एक बोट सहज जावे, दोन बोटे सैल फिरू नयेत. मुलाला गिळता आले पाहिजे आणि मोठ्याने हाक मारता आली पाहिजे. गोलकीपरला ओरडून सांगावे लागतेच.

तिसरी गोष्ट, पट्टी एकटी घालून पाहू नये. हेल्मेट आणि छातीचे गार्ड अंगावर चढवूनच पाहावी. मुलाला वाकून उभे करावे, डावीकडे, उजवीकडे आणि वर पाहायला सांगावे. कोठे फट दिसते का, हेल्मेट पट्टीवर आपटून डोळ्यांवर येते का, हे समोरून आणि बाजूने बघावे. ज्या पट्टीने मान वळत नाही ती मूल दुसऱ्या दिवशी काढून टाकते, आणि पिशवीत पडलेली पट्टी कोणाला वाचवीत नाही.

चौथी गोष्ट बंदाची. मागे चिकटपट्टी असावी, जी एका ओढीत सुटेल. नाडी, दोरी किंवा सेफ्टी पिन कधी लावू नये. ओढणी गुंडाळणेही बंद करावे. ती मार अडवीत नाही आणि कोठे अडकली तर गळफासच. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी खेळापुरती काढून ठेवावी. देवाचा धागा मोडायला मी सांगत नाही. तासाभरासाठी देव्हाऱ्यात ठेवा.

आपण शिवणकाम जाणणाऱ्या बायका. मनात येते की गादीच्या फोमची पट्टी घरीच शिवू. नको. तो फोम अंगठ्याने दाबला तरी चपटा होतो, मग चेंडूपुढे काय टिकणार? औषधांच्या दुकानातला मान दुखण्याचा पट्टाही या कामाचा नव्हे. शिवायचेच असेल तर आतून घालायची सुती गळपट्टी शिवा, प्रत्येक मुलाची वेगळी, म्हणजे एकाचा घाम आणि पुरळ दुसऱ्याला जाणार नाही. गार्ड साध्या साबणाने हाताने धुवून सावलीत वाळवावे. चिकटपट्टी धरेनाशी झाली, किंवा फोम दबून वर येत नसला, की ते बदलावे.

एवढे करूनही मार लागू शकतो, कारण पट्टी मार कमी करते, नाहीसा करीत नाही. मान मुरगळणे किंवा मणका दुखावणे यांवर तर तिचा उपाय नाही. म्हणून हेही लक्षात ठेवा. गळ्याला चेंडू लागल्यावर आवाज बसला, गिळताना दुखले, श्वासाला आवाज येऊ लागला, थुंकीत रक्त दिसले किंवा गळा सुजला, तर "पाणी पी आणि खेळ" म्हणू नये. आतली सूज काही तासांनीही वाढते. तडक डॉक्टरांकडे न्यावे, श्वास अडत असेल तर 108 ला फोन करावा. मूल पडून हातपाय हलवीत नसेल, तर त्याची मान कोणी हलवू नये.

काही मैत्रिणी मला म्हणतात, इतका घोर, तर मुलीला गोलात उभी करूच नका. मी म्हणते, मग कोणाची मुलगी उभी करायची? कोणाला तरी तेथे उभे राहावेच लागते. 2 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला एका गोलाने हरवले, तेव्हा सविता पुनियाने एकामागून एक पेनल्टी कॉर्नर अडवले. तिच्या घरीही काळजी करणारी माणसे असतीलच. काळजी म्हणजे मुलीला घरी बसवणे नव्हे; तिच्या अंगावर नीट सामान चढवून तिला पाठवणे, ही खरी काळजी.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दिवाळीच्या फराळविक्रीतून जी शिल्लक उरते, तिच्यातून यंदा आपल्या मैदानासाठी गळ्याच्या पट्ट्या घ्याव्यात. लहान, मधल्या आणि मोठ्या मापाची एकेक. चांगल्या स्टिकपेक्षा एका पट्टीला कमीच पैसे पडतात. मापे घ्यायला मी टेप घेऊन येते. सुती गळपट्ट्या शिवायला चौघीजणींनी नावे द्यावीत. आणि ज्या दिवशी पट्टी मैदानावर नसेल, त्या दिवशी गोलावर जोरात फटके मारण्याचा सराव होऊ नये, असे मुलांच्या शिक्षकांना मंडळाच्या वतीने विनंतीपत्र द्यावे.